तुरट रसाचे कसब

आयुर्वेदाने सांगितलेल्या सहा रसांपैकी गोड, आंबट, खारट, तिखट आणि कडू या पाच रसांना स्वयंपाकघरात आणि बोलण्यात जेवढे स्थान मिळाले तेवढे सहाव्या रसाला, म्हणजे तुरटाला, कधीच मिळाले नाही. तुरटपणा हा चवीपेक्षा स्पर्शाचा अनुभव अधिक आहे, हे त्याचे एक कारण असावे. कच्चे जांभूळ, काजूचे बोंड किंवा न पिकलेले केळे चावले की जीभ जड होते, गाल आतून ओढल्यासारखे वाटतात आणि लाळेचा बुळबुळीतपणा नाहीसा होऊन तोंडाला कोरड पडते. हा परिणाम घडवणाऱ्या वनस्पतिजन्य द्रव्यांना रसायनशास्त्रात टॅनिन असे नाव आहे. टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते, त्यांच्या गुठळ्या करते आणि त्यामुळे लाळेचे वंगण क्षणभर हरपते. जनावराचे सोललेले कातडेही मुख्यतः प्रथिनांचेच बनलेले असते. म्हणून जी क्रिया जिभेवर क्षणात होऊन जाते तीच कातड्यावर आठवडेच्या आठवडे सावकाश घडवून आणली, तर दोन दिवसांत कुजू लागणारे कातडे वर्षानुवर्षे टिकणारे चामडे होते.

ही जवळीक भाषेने फार पूर्वी ओळखलेली दिसते. संस्कृतात तुरट रसाला कषाय म्हणतात, वनस्पती उकळून काढलेल्या काढ्यालाही कषाय म्हणतात, आणि अशा काढ्यात बुडवून काढलेल्या वस्त्राचा तांबूस-तपकिरी रंगही कषायच, ज्यावरून भिक्षूंच्या वस्त्राला काषाय हे नाव पडले. चव, काढा आणि रंग या तिन्हींना एकच शब्द पुरला, कारण तिन्हींच्या मुळाशी द्रव्य एकच होते. मराठीत तुरट या शब्दाच्या शेजारीच तुरटी हा शब्द नांदतो, आणि रंगाऱ्याच्या भांड्यात हिरड्याच्या पाठोपाठ पडणारा क्षार नेमका तोच आहे. कातड्यावरील प्रक्रियेला मराठीने जे क्रियापद दिले तेही लक्षात घेण्याजोगे आहे. मराठी माणूस शरीर कमावतो, आवाज कमावतो आणि कातडे कमावतो. तिन्ही ठिकाणी मुळात असलेल्या वस्तूला दीर्घ आणि नियमित मेहनतीने नवे बळ आणले जाते, हाच अर्थ अभिप्रेत असतो.

झाडे टॅनिन तयार करतात ती स्वतःच्या रक्षणासाठी. कीड, बुरशी आणि पाला ओरबाडणारी जनावरे यांना ते पचायला जड जाते, म्हणून ते साली, कच्च्या फळांच्या गरात, फळांच्या टरफलांत आणि किडीच्या दंशाने फांदीवर उठणाऱ्या गाठींत अधिक साठलेले आढळते. औषधी दुकानात मिळणारे मायफळ ही ओकच्या जातीतील झाडावरची अशीच एक गाठ आहे. टॅनिनचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील टॅनिन पाण्याच्या व आम्लाच्या सान्निध्यात फुटून गॅलिक आणि एलॅजिक ही आम्ले व शर्करा देते. हिरडा, बेहडा, आवळा आणि डाळिंबाची साल या वर्गात मोडतात, आणि त्रिफळा चूर्णाची तिन्ही फळे एकाच वेळी टॅनिनची कोठारे आहेत ही गोष्ट त्या चूर्णाच्या तुरटपणावरून कोणालाही कळावी. दुसऱ्या वर्गातील टॅनिनचे रेणू साखळीसारखे एकमेकांत गुंफलेले असतात आणि ते असे सहजी फुटत नाहीत. बाभूळ, तरवड आणि खैर यांचे टॅनिन या जातीचे आहे. पहिल्या वर्गाने कमावलेले चामडे फिकट पिवळसर होते, तर दुसऱ्या वर्गाने कमावलेले तांबूस होते आणि उन्हात अधिकाधिक गडद होत जाते. कोल्हापूरच्या परिसरातील कारागिरांनी बाभळीची साल आणि हिरडा एकत्र वापरण्याची जी रीत पिढ्यान्‌पिढ्या पाळली, तिच्यात या दोन्ही वर्गांचा मेळ आहे, आणि तो मेळ केवळ रंगापुरता नाही हे पुढे दिसेल.

हिरड्याचे झाड सह्याद्रीच्या पश्चिम उतारांवर आणि घाटमाथ्यावर विपुल आहे. जुन्नर, आंबेगाव आणि अकोले या तालुक्यांतील महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांच्या वर्षाच्या रोख उत्पन्नात हिरड्याच्या वेचणीचा वाटा मोठा असतो. झाडावरची अगदी कोवळी, आठळी न धरलेली फळे वाळवली की ती काळी आणि सुरकुतलेली होतात. त्यांना बाळहिरडा म्हणतात आणि ती मुख्यतः औषधासाठी जातात. कातडे कमावण्यासाठी आणि रंगकामासाठी पूर्ण वाढलेले, पिवळट फळ वाळवून वापरतात. त्याच्या वाळलेल्या गरात वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतके टॅनिन असते, आठळीत मात्र ते नगण्य असते, म्हणून फळ फोडून आठळी बाजूला काढणे हे पहिले काम ठरते. ब्रिटिश काळात या फळाचा मोठा निर्यात-व्यापार होता आणि मालाची प्रत ज्या प्रदेशातून किंवा बंदरातून तो येई त्याच्या नावाने ओळखली जाई. पूर्व किनाऱ्यावरील भिमुनिपट्टणम आणि मध्य प्रांतातील जबलपूर यांच्या बरोबरीने कोकणातील वेंगुर्ल्याचे नाव लंडनच्या बाजारात हिरड्याची एक प्रत म्हणून चालत असे.

कोकणचा दुसरा तुरट माल म्हणजे कात. खैराच्या झाडाच्या आतील लाल लाकडाच्या, म्हणजे गाभ्याच्या, ढलप्या पाण्यात उकळून तो काढा आटवला की कात मिळतो, आणि हे काम करणाऱ्यांच्या व्यवसायावरूनच कातकरी हे जमातीचे नाव रूढ झाले. विड्यातील काताची ओळख घराघरांत असली तरी त्याच्या तुरटपणाचे शास्त्रीय मोजमाप झाले ते मात्र दूरच्या देशात. इंग्लंडमध्ये कातडे कमावण्यासाठी लागणारी ओकची साल अपुरी पडू लागली, तेव्हा १८०३ साली हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने निरनिराळ्या तुरट वनस्पतींची तुलना करणारा एक निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. त्यात मुंबई आणि बंगालमधून आलेल्या काताचे नमुने तपासलेले होते, आणि वजनाला वजन धरले तर ओकच्या सालीपेक्षा कात कितीतरी पटींनी सरस असल्याचे त्याने दाखवून दिले. सोडियम आणि पोटॅशियम ही मूलद्रव्ये पुढे वेगळी करणाऱ्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत सह्याद्रीच्या रानातल्या भट्टीतला माल तराजूवर चढला होता, ही बाब मराठी वाचकांना फारशी सांगितली गेलेली नाही.

कमावण्याची प्रक्रिया प्रत्यक्षात कशी चालते हे समजण्यासाठी कातड्याची रचना ध्यानात घ्यावी लागते. कातड्याला तीन थर असतात. वरचा केसांचा पातळ थर आणि खालचा मांसाचा व चरबीचा थर हे दोन्ही निरुपयोगी ठरतात. मधला जाड थर हाच चामड्याचा कच्चा माल असतो. हा थर कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचा विणलेला असतो, आणि प्रत्येक तंतू म्हणजे एकमेकांना पीळ घातलेल्या तीन पदरी दोऱ्यांचा समूह असतो. ओल्या अवस्थेत जिवाणू या दोऱ्या खाऊन टाकतात, तर वाळल्यावर त्या एकमेकींना चिकटून कातडे लाकडासारखे ताठ होते. टॅनिनचे रेणू या दोऱ्यांच्या मधल्या जागेत शिरून त्यांना ठिकठिकाणी बांधून ठेवतात, त्यामुळे जिवाणूंना त्या तोडता येत नाहीत आणि वाळल्यावरही दोऱ्या एकमेकींवर सरकू शकतात. हा बदल मोजण्याची एक सोपी कसोटी आहे. कच्चे कातडे पाण्यात तापवले तर साठ-पासष्ट अंश सेल्सिअसला आकसून गोळा होते. वनस्पतींच्या काढ्याने कमावलेले चामडे सत्तर ते पंच्याऐंशी अंशांपर्यंत तग धरते.

खारवून आलेले कातडे आधी पाण्यात भिजवून मऊ करतात आणि मग चुन्याच्या हौदात काही दिवस ठेवतात. चुन्याने कातडे फुगते, केसांची मुळे सैल होतात आणि बोथट सुरीने ते खरवडून निघतात. उलट बाजूचे मांस आणि चरबी धारदार सुरीने सोलून काढतात. एखाद्या जागी सुरी खोल गेली तर पुढे चामड्यावर तिचा वण कायमचा राहतो, म्हणून हे काम अनुभवी हाताकडेच दिले जाते. नंतर भरपूर पाण्याने चुना धुऊन टाकतात, कारण चुन्याचा अंश मागे राहिला तर टॅनिन आत शिरत नाही आणि चामडे काळपट, ठिसूळ होते. बाभूळ आणि हिरडा यांच्या मेळाचे मर्म याच टप्प्यावर उलगडते. हिरड्यात टॅनिनबरोबर थोडी शर्कराही असते आणि काढा काही दिवस राहिला की ती आंबून सौम्य आम्ल तयार होते. हे आम्ल कातड्यात दडलेल्या चुन्याचा अंश मारते आणि बाभळीच्या टॅनिनला आत जाण्यास वाट करून देते. बाभळीच्या काढ्यात असे आम्ल फारसे होत नाही, म्हणून एकट्या बाभळीवर भागत नाही. आणि एकट्या हिरड्याने कमावलेले चामडे पोकळ व भुसभुशीत होते, म्हणून पायताणाच्या तळव्याला लागणारी घट्टता त्याला येत नाही. आम्ल, शर्करा, टॅनिन हे शब्द ज्यांच्या कानावर कधी पडले नव्हते त्या हातांनी हे प्रमाण बसवले, यापेक्षा त्या कसबाचा मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही.

काढा देण्यातही एक शिस्त आहे आणि ती मोडली तर सगळी मेहनत वाया जाते. नवशिक्याला वाटते की काढा जितका दाट तितके काम लवकर उरकेल; प्रत्यक्षात दाट काढा पहिल्याच दिवशी दिला तर कातड्याचे वरचे आणि खालचे पृष्ठ झटकन कमावले जाऊन कडक होते, त्याची छिद्रे मिटतात आणि आतला भाग कच्चाच राहून पुढे सडतो. म्हणून कातडे प्रथम वापरून जुन्या झालेल्या, पातळ पडलेल्या काढ्यात टाकतात, त्यानंतर त्याहून दाट आणि सर्वांत शेवटी ताज्या काढ्यात. साली आणि फळे यांपासून अर्क काढणाऱ्या कारखान्यांतही हेच तत्त्व उलट्या दिशेने वापरलेले दिसते. तेथे पिंपांची एक रांग असते. कोरे पाणी बहुतेक सत्त्व निघून गेलेल्या जुन्या सालीवर सोडतात, तेथून ते कमी जुन्या सालीवर जाते आणि अखेरीस, चांगले दाट झाल्यावर, अगदी ताज्या सालीवर पोहोचते, त्यामुळे सालीतला शेवटचा अंशही वाया जात नाही आणि हाती लागणारे पाणी शक्य तितके दाट असते. हे पाणी आटवून किंवा गरम हवेत फवारून त्याची पूड करतात, आणि तिला बाजारात टॅनिनचा अर्क म्हणतात.

कोल्हापुरी पायताणाच्या तळव्यासाठी लागणारे चामडे ज्या पारंपरिक पद्धतीने कमावले जाते ती याहूनही वेगळी आणि डोळ्यांनी पाहावी अशी आहे. हौदात काही दिवस काढलेले कातडे दुमडून त्याच्या कडा दोरीने शिवतात आणि त्याची एक मोठी पिशवी, जणू पखालच, तयार करतात. तोंड वर ठेवून ही पखाल लाकडी तिवईला टांगतात आणि तिच्यात कुटलेली बाभळीची साल व हिरडा भरून वर पाणी ओततात. पखाल टम्म फुगते. आतल्या पाण्याच्या दाबाने तांबूस काढा कातड्याच्या छिद्राछिद्रातून वाट काढत बाहेरच्या अंगावर घामासारखा पाझरतो आणि थेंब थेंब खालच्या भांड्यात पडतो. भांडे भरले की तोच काढा पुन्हा पखालीत ओततात, आणि असे दिवसातून अनेकदा करावे लागते. वजनाने खालचा भाग ताणला जातो आणि वरच्या भागाला काढा कमी पोहोचतो, म्हणून काही दिवसांनी वरचे तोंड शिवून, खालचे उसवून पखाल उलटी टांगतात. या रीतीत कमावण्याचा मालच कमावण्याचे भांडे होतो आणि गाळणीही होतो. मोठे हौद, पंप, यंत्रे यांपैकी काहीही लागत नाही. शेवटी शिवण उसवून चामडे धुतात, सावलीत वाळवतात, तेल देतात आणि घोटतात. कच्च्या कातड्यापासून येथवर येण्यास साधारण महिना-दीड महिना जातो.

विहिरीची मोट, पाणक्याची पखाल, नांगराचे आणि गाडीचे पट्टे, चाबूक आणि पायताण या सगळ्या वस्तू अशाच चामड्याच्या होत्या. पंप आल्यावर मोट गेली, नळ आल्यावर पखाल गेली, आणि या चामड्याला खात्रीचे म्हणता येईल असे एकच गिऱ्हाईक उरले ते म्हणजे कोल्हापुरी पायताण. वेणी, कान आणि पट्टा यांसह ते पायताण चामड्याच्याच वादीने शिवले जाते, त्यात खिळा नसतो. आणि नवे असताना पायाला लागणारा तळवा काही आठवड्यांत घाम शोषून घेत त्या एका पायाच्या आकाराचा होतो, ही किमया वनस्पतींच्या काढ्याने कमावलेल्या चामड्यालाच साधते.

कापडाच्या बाबतीत टॅनिनचे काम वेगळे आहे, पण ते तितकेच मोलाचे आहे. लोकर आणि रेशीम हे प्राण्यांपासून मिळणारे धागे प्रथिनांचे असल्याने रंग आणि क्षार त्यांना सहज धरतात. सुती धागा मात्र सेल्युलोजचा असतो. मंजिष्ठा किंवा आल यांच्या मुळांचा तांबडा रंग त्याच्यावर नुसता चढवला तर पहिल्याच धुण्यात निघून जातो, आणि रंगाला धरून ठेवणारी तुरटी लावावी तर तीही पाण्याबरोबर वाहून जाते. या पेचावर भारतीय रंगाऱ्यांनी काढलेला उपाय असा की कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवायचे. टॅनिन सुताला चिकटते, तुरटीतील ॲल्युमिनियम टॅनिनला चिकटते आणि मंजिष्ठेचा रंग ॲल्युमिनियमला; अशी तीन कड्यांची साखळी तयार झाली की उन्हापावसाला आणि धुण्याला दाद न देणारा लाल रंग मिळतो. खळ धुऊन काढलेले कापड हिरड्याच्या पुडीच्या पाण्यातून काढून, पिळून, उन्हात पसरले की त्यावर फिकट लोण्यासारखा पिवळसरपणा येतो, आणि पुढच्या साऱ्या नक्षीचा पाया तोच असतो. कच्छमधील धमडका आणि अजरखपूर येथील अजरखाचे छापकाम आणि राजस्थानातील बगरूचे ठसेकाम या पायावर उभे आहे. आंध्र प्रदेशातील श्रीकालहस्तीच्या कलमकारीत हिरड्याच्या पाण्यात म्हशीचे कच्चे दूध मिसळतात, कारण दुधातल्या स्निग्धतेमुळे कलमेतून उतरणारी शाई कापडावर फुटत नाही आणि रेघ बारीक राहते.

ती शाई म्हणजे टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगाचा दुसरा चमत्कार आहे. गंजके लोखंड आणि गूळ पाण्यात घालून दोन-तीन आठवडे आंबवत ठेवले की गुळापासून झालेल्या आम्लात लोखंड विरघळते. हे फिकट, आंबूस वासाचे पाणी साध्या कापडावर लावले तर गंजाच्या डागापलीकडे काही दिसत नाही. पण हिरड्याने पिवळसर केलेल्या कापडावर कलम टेकताच रेघ करडी होते आणि पाहता पाहता काळीभोर होते. लोखंड आणि टॅनिन यांचे हे काळे संयुग महाराष्ट्रातील प्रत्येक स्वयंपाकघराच्या ओळखीचे आहे, कारण कच्ची केळी, केळफूल किंवा आवळे विळीवर चिरले की पात्यावर आणि बोटांवर जो काळेपणा चढतो तो हाच होय, आणि लोखंडी कढईत आवळा भिजवून केसांना लावण्याच्या घरगुती उपायामागेही हेच रसायन आहे. हिराकस आणि हिरडा यांपासून लिहिण्याची शाई होत असे तीही याच मार्गाने. या काळ्या रंगाचा एक दोष मात्र आहे: त्यातील लोखंड कालांतराने सुती धागा कुरतडते, म्हणून जुन्या छापील वस्त्रांत लाल आणि निळी नक्षी शाबूत असताना काळ्या रेघांच्या जागी कापड विरून गेलेले आढळते. कातडे कमावणारेही ओल्या चामड्याला गंजलेले लोखंड लागू देत नाहीत, कारण त्या स्पर्शाचा काळा डाग पुन्हा निघत नाही.

एकच फळ कोणाच्या हाती आहे यावर त्याची प्रतिष्ठा ठरावी, ही या विषयातील सर्वांत दुःखद बाजू आहे. आयुर्वेदाने हरीतकी म्हणून ज्या हिरड्याला मातेची उपमा दिली, तो वैद्याच्या खलात पडला तर शास्त्र ठरला, रंगाऱ्याच्या भांड्यात पडला तर कला ठरला, आणि ढोराच्या हौदात पडला तर विटाळ ठरला. महाराष्ट्रात कातडे कमावण्याचे काम परंपरेने ढोर समाजाकडे आणि त्यापासून वस्तू करण्याचे काम चांभार समाजाकडे राहिले. या लोकांच्या हातची मोट गावाच्या विहिरीचे पाणी वर काढत असे, पण त्यांना त्याच विहिरीवर पाणी भरू दिले जात नसे. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या शरणांमध्ये गणल्या गेलेल्या कक्कय्यांना ढोर समाज आपले आद्य पुरुष मानतो, यावरून या श्रमाला मान मिळवून देण्याची धडपड किती जुनी आहे हे दिसते. १९३० च्या दशकात वर्ध्याजवळच्या नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकर यांनी गांधीजींच्या प्रेरणेने चर्मालय चालवले आणि मेलेल्या जनावरांच्या कातड्यावर शास्त्रशुद्ध रीतीने काम करून दाखवले. दुसरीकडे, जन्माने लादलेली कामे सोडून द्या असे डॉ. आंबेडकरांनी आपल्या समाजाला सांगितले, आणि त्यामागील कारणे आजही खोटी ठरलेली नाहीत. कसब जपले पाहिजे असे म्हणणाऱ्या कोणालाही हा इतिहास वगळता येणार नाही. ज्या कामाबरोबर अपमान वारशाने येतो ते काम पुढच्या पिढीने सोडले तर दोष तिला देता येत नाही.

धंद्याचे स्वरूप पालटले ते क्रोमियममुळे. या धातूच्या क्षारांनी कातडे कमावता येते हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिड्रिख क्नाप याने १८५८ मध्ये दाखवले, आणि ऑगस्टस शुल्झ याने १८८४ मध्ये अमेरिकेत त्याच्या व्यवहारोपयोगी पद्धतीचे एकस्व मिळवले. ज्या कामाला महिना लागे ते एका-दोन दिवसांवर आले, चामडे मऊ आणि हलके झाले, उकळत्या पाण्यातही टिकू लागले, आणि आज जगातील बहुतेक चामडे याच रीतीने तयार होते. तरवडाच्या सालीवर उभा राहिलेला आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या बुटांना चामडे पुरवणारा मद्रास इलाख्याचा मोठा धंदाही पुढे बदलला. तरवडाच्या जागी आफ्रिकेतील वॅटल या बाभूळवर्गीय झाडाचा आणि अर्जेंटिना-पॅराग्वे येथील केब्राचो लाकडाचा आयात अर्क आला. कोल्हापूर भागातील कारागीरही आज बहुधा बाहेरून कमावून आलेले चामडे विकत घेतात. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्यावर म्हशीच्या कातड्यावरील भार वाढला आणि जवळपास मिळणारा कच्चा माल आणखी घटला. २०१९ मध्ये कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन प्रदर्शनात तिच्यासारखी पादत्राणे दिसली तेव्हा तिच्या आकाराची आणि श्रेयाची पुष्कळ चर्चा झाली. त्या चर्चेत ती ज्या काढ्यातून निघते त्या बाभळीचा आणि हिरड्याचा उल्लेख मात्र क्वचितच आला, आणि हे खटकण्याजोगे आहे, कारण नक्षीची नक्कल कोणालाही करता येते, चामड्याची तशी येत नाही.

वनस्पतींचा काढा म्हणजे सर्वस्वी निर्दोष, असेही मानणे बरोबर नाही. वापरून झालेला गडद तपकिरी काढा तसाच ओढ्यात सोडला तर तो पाण्यातला प्राणवायू शोषून घेतो आणि मासे मरतात; चुना आणि मीठ यांचा त्रास दोन्ही पद्धतींत सारखाच आहे; आणि उभ्या झाडाची साल सर्व बाजूंनी सोलली तर झाड मरते. मात्र क्रोमियमचा धोका निराळ्या प्रकारचा आहे. कमावण्यात वापरले जाणारे त्याचे रूप तुलनेने सौम्य असले तरी चुकीच्या प्रक्रियेने किंवा अति उष्णतेने त्याचे विषारी, कर्करोगकारक अशा षट्संयुजी रूपात परिवर्तन होऊ शकते, म्हणूनच युरोपीय संघाने २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामड्याच्या प्रत्येक किलोत त्याचे प्रमाण तीन मिलिग्रॅमपेक्षा कमी असले पाहिजे असा नियम केला. या हिशेबात हिरड्याची बाजू उजवी ठरते, कारण हिरडा हे फळ आहे आणि ते वेचण्यासाठी झाडाच्या अंगाला सुरी लावावी लागत नाही. झाड उभे राहिले तरच वेचणाऱ्याचे घर चालते, त्यामुळे झाड राखण्याचे कारणही त्याच्याकडे आपोआप येते. डाळिंबाची साल तर रसाच्या कारखान्यांतून टाकूनच दिली जाते, आणि सोलापूरसारख्या डाळिंबाच्या जिल्ह्यात या टाकाऊ टॅनिनचा उपयोग रंगकामासाठी व्हावा हे सुचवायला फार मोठ्या संशोधनाची गरज नाही.

चामडे पूर्ण कमावले गेले की नाही हे ठरवण्यासाठी कारागीर मानेजवळच्या सर्वांत जाड जागी सुरीने एक छोटा छेद देतो आणि कापलेली कड उजेडात धरतो. वरून आणि खालून काढा आत शिरत आलेला असतो, त्यामुळे काम अपुरे असेल तर दोन तपकिरी पट्ट्यांच्या मधोमध कच्च्या कातड्याची एक पांढुरकी रेघ दिसते, आणि ती दिसली की पखाल पुन्हा शिवून आणखी काही दिवस टांगली जाते. पायताण विकत घेणाऱ्यालाही हीच कसोटी लावता येते. तळव्याच्या कडेला रंग फासलेला नसेल तर ते उलटे करून कड पाहावी: क्रोमियमने कमावलेल्या चामड्याच्या गाभ्यात निळसर करडी झाक असते, आणि बाभूळ-हिरड्याच्या काढ्यातून निघालेल्या चामड्यात वरच्या पृष्ठापासून खालच्या पृष्ठापर्यंत एकसारखा तपकिरी रंग, मधल्या रेघेशिवाय.